पूर, संगणक आणि वरुणाकाठचे विणकर
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



वाराणसीत राजघाटाजवळ, मालवीय पुलाच्या परिसरात, गंगेची पातळी मोजण्याचे केंद्रीय जल आयोगाचे केंद्र आहे. त्या केंद्राचे तीन आकडे शहरातील वर्तमानपत्रे प्रत्येक पावसाळ्यात छापतात. समुद्रसपाटीपासून ७०.२६२ मीटर ही इशाऱ्याची पातळी, ७१.२६२ मीटर ही धोक्याची पातळी, आणि ७३.९०१ मीटर ही आजवरची सर्वोच्च पातळी, जी ९ सप्टेंबर १९७८ रोजी नोंदली गेली. त्यानंतर नदीने तो उच्चांक पुन्हा गाठलेला नाही. मात्र २०१३, २०१६, २०२१ आणि २०२५ या वर्षांत तिने धोक्याची पातळी ओलांडली, मणिकर्णिकेवरील दहनविधी घाटाच्या पायऱ्या सोडून वरच्या छतांवर न्यावे लागले, आणि संध्याकाळची गंगाआरती इमारतींच्या गच्चीवर होऊ लागली. देशभरची छायाचित्रे या दोन दृश्यांची येतात. तिसरे दृश्य क्वचितच छापले जाते. ते गंगेच्या काठावरचे नसून वरुणेच्या काठावरचे आहे, आणि आपत्तीच्या काळात माहिती-तंत्रज्ञान कोणाच्या उपयोगी पडते या प्रश्नाचे उत्तर तेथेच शोधावे लागते.

प्रथम पुराचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. वाराणसीचा पूर वाराणसीत पडलेल्या पावसाने येत नाही. तो पुष्कळदा राजस्थानातून आणि मध्य प्रदेशातून निघतो. चंबळ, बेतवा आणि केन या नद्या यमुनेला मिळतात, यमुना प्रयागराजला गंगेत येते, आणि तेथून ते सारे पाणी काशीकडे वळते. कोटा बराजचे दरवाजे उघडले की चंबळेचे पाणी इटावा, प्रयागराज असे टप्पे घेत वाराणसीला पोहोचते. २०१९ च्या सप्टेंबरात आणि २०२२ च्या ऑगस्टात हेच घडले. या प्रवासाला कित्येक दिवस लागतात. भूकंप क्षणात येतो, दरड रात्रीत कोसळते. गंगेचा पूर मात्र आधी कळवून येतो. म्हणजे येथे विज्ञानाला वेळ मिळतो. एवढा वेळ हाती असूनही कोणाचे नुकसान होत असेल, तर त्याचा दोष निसर्गावर टाकता येणार नाही.

विज्ञानाने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. आपल्या देशात पुराचा शास्त्रीय अंदाज देण्यास १९५८ मध्ये दिल्लीला यमुनेवर सुरुवात झाली. पुढे कित्येक दशके नदीकाठचा निरीक्षक मोजपट्टीवरील आकडा वाचीत असे आणि बिनतारी यंत्रावरून वरच्या कचेरीला कळवीत असे. वरच्या गावच्या पातळीवरून खालच्या गावची पातळी आलेखावर काढली जाई. आता अनेक ठिकाणी स्वयंचलित यंत्रे उपग्रहामार्फत आकडे पाठवतात, संगणक पावसाचे आणि प्रवाहाचे गणित एकत्र मांडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये आयोगाने ‘फ्लडवॉच’ हे मोबाइल ॲप सुरू केले. त्यावर चोवीस तासांपर्यंतचा अंदाज आणि सात दिवसांपर्यंतची पूर्वसूचना कोणालाही पाहता येते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ‘सचेत’ ही यंत्रणा उभी केली, आणि २०२३ मध्ये मोबाइल मनोऱ्यांवरून एकाच वेळी सर्व फोनांवर धोक्याचा संदेश वाजवण्याच्या चाचण्या झाल्या. खुद्द वाराणसीत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकरावी तुकडी तैनात आहे. नगराच्या रस्त्यांवर नजर ठेवणारा एकात्मिक नियंत्रण कक्ष आहे. कोरोनाच्या साथीत तोच युद्धकक्ष म्हणून वापरला गेला. आणि काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील आय.आय.टी. मध्ये २०१९ पासून ‘परम शिवाय’ हा महासंगणक आहे. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेखाली देशात जोडणी झालेला तो पहिला. ‘परम’ हे घराणे पुण्याच्या सी-डॅकचे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको.

एवढी सामग्री असलेल्या शहरात पुराच्या बाबतीत अडचण कोठे येते?

राजघाटाच्या थोडे खाली सरायमोहाना येथे वरुणा नदी गंगेला मिळते. एरवी ती एखाद्या ओढ्यासारखी, शहराचे सांडपाणी वाहून नेणारी. गंगा चढू लागली की वरुणेचे पाणी पुढे सरकत नाही, उलट गंगेचे पाणीच तिच्या पात्रात मागे शिरते. सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना या फुगवट्याचा अर्थ नीट ठाऊक आहे. सरैया, कोनिया, नक्खीघाट, पुराना पुल, सलारपुर अशा वस्त्या या फुगवट्याच्या वाटेत आहेत. त्यांतील कितीतरी घरे विणकरांची. आणि या सखल वस्त्यांत पाणी शिरण्यास राजघाटावर धोक्याची पातळी गाठली जाण्याची गरज नसते. ते त्याच्या आधीच येऊ लागते. शहराच्या दृष्टीने ७१.२६२ हा धोका आहे. नक्खीघाटच्या विणकराचा धोका त्याच्या कितीतरी खाली सुरू होतो, आणि त्याच्या धोक्याला आकडा नाही.

बनारसी साडीचा हातमाग पुष्कळ ठिकाणी खड्ड्याचा असतो. जमिनीत खड्डा खणलेला, त्याच्या काठाशी विणकर बसतो, त्याचे पाय खड्ड्यातील पावड्यांवर, आणि डोक्यावर जकार्डचे यंत्र. म्हणजे घरातील सर्वांत खोल जागा हीच त्याची उत्पादनाची जागा. उंबऱ्याबाहेर पाणी दिसण्याच्या अगोदर ओल त्या खड्ड्यात उतरते. मागावर रेशमाचा ताणा चढवलेला असतो. हजारो तारा एकेक करून जोडलेल्या असतात आणि एका ताण्यावर अनेक साड्या निघावयाच्या असतात. भिजलेले रेशीम वाया जाते. जकार्डचे पुठ्ठ्याचे पत्ते, ज्यांच्या छिद्रांत नक्षी साठवलेली असते, ते ओलीने फुगतात. ताणा मध्येच कापून माग उतरवावा, तर पुढे ते तार पुन्हा जोडण्याचे दिवस मजुरीविना जातात. न उतरवावा, आणि पाणी आले, तर सारेच गेले. अंदाज एक-दोन दिवस आधी मिळून हा प्रश्न सुटत नाही, कारण या निर्णयाची किंमत दोन्ही बाजूंनी विणकरच देतो. रेशीम बहुधा गिरस्ताचे असते, साडी गद्दीदाराची होते. ओल मात्र विणकराच्या घरात शिरते.

येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवण्यासारखी आहे. ज्या छिद्रांच्या पत्त्यांवर संगणकाची पहिली पिढी चालली, त्या पत्त्यांचा पूर्वज हा फ्रान्समधील जकार्डचा माग, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. हॉलरिथने १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी छिद्रांची पत्रके वापरली, आणि तेथून संगणकापर्यंतचा रस्ता निघाला. माहिती साठवण्याची ही युक्ती विणकराच्या घरातून महासंगणकापर्यंत गेली. महासंगणकाची माहिती विणकराच्या घरापर्यंत परत आलेली नाही.

मराठी वाचकाला याचे दुसरे टोकही परिचित आहे. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजली जाते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीस फुटांना धोका. २०१९ मध्ये ती ५७ फुटांवर गेली. परंतु सांगलीकराला हे दोन आकडे पुरत नाहीत. कोणत्या फुटाला पाणी कोणत्या गल्लीत येते, याचा हिशेब नदीकाठच्या वस्त्यांना तोंडपाठ असतो. रात्री कोणीतरी विचारतो, “पुलाला किती?” आणि उत्तर ऐकून माणूस ठरवतो की गाय सोडावयाची की अजून दोन तास थांबावयाचे. मोजपट्टीच्या आकड्याचे उंबऱ्याच्या भाषेत हे जे भाषांतर आहे, ते लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून केले आहे. संगणकाने करावयाचे काम नेमके हेच होते. शहराच्या प्रत्येक वस्तीची उंची आता उपग्रहाच्या नकाशांवरून काढता येते. फुगवटा राजघाटच्या कोणत्या पातळीला वरुणेत किती वर चढतो, याचे गणित मांडता येते. आणि सरैयाच्या कोणत्या गल्लीत कोणत्या आकड्याला पहिले पाणी येईल हे आधी सांगता येते. या कामाला महासंगणकाचीही गरज नाही. गरज आहे ती गल्लीगल्लीतून हिंडून, गेल्या पुरांच्या भिंतीवरील ओलीच्या खुणा मोजून, वृद्ध विणकरांना विचारून नकाशा तपासणाऱ्या माणसांची. अशा कामाचे उद्घाटन होत नाही आणि त्याची निविदाही निघत नाही. म्हणूनच ते मागे राहते.

समजा, असा नकाशा झाला. मग तो संदेश पोहोचवावयाचा कसा? ॲपवर सारा भरवसा ठेवणाऱ्यांनी पुराच्या दुसऱ्या दिवसाचा विचार करावा. वस्तीत पाणी शिरले की विजेचा धक्का बसू नये म्हणून वीजपुरवठा बंद करण्यात येतो, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर दिवसभरात फोन बंद पडू लागतात. ज्या घडीला संदेशाची सर्वांत अधिक गरज, त्याच घडीला संदेशाचे साधन मुके होते. घरात फोन एकच असेल आणि तो घेऊन कर्ता पुरुष बाहेर गेला असेल, तर पाण्यात उरलेल्या स्त्रियांना आणि मुलांना काय कळणार? ओडिशाने हा धडा जबर किंमत देऊन घेतला. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभारले, किनाऱ्यावर आसरागृहे बांधली, आणि २०१८ मध्ये १२२ ठिकाणी भोंग्यांचे मनोरे उभे केले. २०१३ च्या फायलिन वादळात सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले आणि मृत्यूंचा आकडा काही दशकांत राहिला. भोंगा वाचता येण्याची अट घालत नाही. तो फोनच्या मालकीचीही अट घालत नाही.

वाराणसीत भोंग्याच्या तोडीचे दुसरे एक साधन पूर्वीपासून आहे, आणि शासकीय आराखड्यांत त्याला स्थान मिळाले पाहिजे. बनारसच्या मुस्लिम विणकरांच्या बिरादरी-पंचायती आहेत, त्यांना बावनी, बाईसी, चौदहों अशी नावे आहेत. त्यांचे सरदार, मोहल्ल्या-मोहल्ल्यांतील त्यांचे माणूस ठरलेले. या पंचायतींनी ‘मुर्री बंद’ पुकारला की माग थांबतात. विजेच्या दराच्या प्रश्नावर २०२० मध्ये तो पुकारला गेला, तेव्हा वस्त्यांतून खटखटाट बंद पडला. कोणत्याही ॲपविना एक निर्णय इतक्या घरांत पोहोचवणारी आणि तो पाळून घेणारी ही यंत्रणा आहे. तिच्यात दोषही आहेत. गिरस्तांचे वजन तिच्यात अधिक, स्त्रियांचा आवाज कमी, आणि बिरादरीबाहेरचा दलित मजूर किंवा भाड्याने राहणारा परगावचा कारागीर तिच्या परिघाबाहेर. संघटित कामगार चळवळीने या जागा भरून काढावयाच्या आहेत. परंतु नियंत्रण कक्षातील आकडा जर सरदाराच्या हाती, मशिदीच्या ध्वनिक्षेपकावर आणि मंदिराच्या ध्वनिक्षेपकावर एकाच वेळी जाईल, तर तो तासाभरात प्रत्येक खड्ड्यापर्यंत पोहोचेल.

नाविकांचेही असेच. पाणी चढले की जिल्हा प्रशासन गंगेत नावा चालवण्यास बंदी करते. सुरक्षेसाठी ती आवश्यक असते, पण त्या दिवसांत निषादांच्या घरची चूल कशी पेटावी याची तरतूद तिच्यासोबत यावयास हवी. नदीचे भोवरे, घाटांखालचे दगड, गल्लीत नाव कोठवर शिरेल हे ज्यांना ठाऊक, तीच माणसे घाटावर रिकामी बसतात. केरळात २०१८ च्या महापुरात याच्या उलट झाले. सुमारे साडेचार हजार मच्छीमार आपल्या नावा ट्रकांवर घालून आले आणि त्यांनी सुमारे ६५ हजार लोकांना बाहेर काढले. त्याच दिवसांत राज्य सरकारच्या सहकार्याने तरुण अभियंत्यांनी काही तासांत एक संकेतस्थळ उभे केले. अडकलेल्यांचा पत्ता त्यावर नोंदला जाई, स्वयंसेवक तो फोनवरून पडताळून पाहत आणि बचाव पथकांकडे पाठवत. त्याची संगणकीय आज्ञावली सर्वांना खुली होती. देशाच्या आणि परदेशांच्या कोपऱ्यांतून लोकांनी ती सुधारली. संगणक आणि नाव यांत तेथे भांडण नव्हते. एकाने पत्ता दिला, दुसरीने माणूस आणला. क्यूबात २००४ च्या आयव्हान चक्रीवादळात सुमारे वीस लाख लोक हलवले गेले आणि एकही मृत्यू झाला नाही; तेथेही हवामानखात्याच्या अंदाजामागे मोहल्ला समित्यांची यादी होती. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे आणि तिला कोणी उचलावयाचे, हे वादळाच्या आधी ठरलेले होते.

यादीचा प्रश्न येथे निघतोच, आणि तो सोपा नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच सांगितले. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण डोंगराखाली गाडले गेले, तेव्हा गाव नाहीसे झाल्याचे एस.टी.च्या चालकाच्या लक्षात आले. यादीत नसणे म्हणजे धोक्यात एकटे पडणे. आणि तरीही वरुणाकाठच्या रहिवाशाला यादीत जाण्याची भीती वाटली, तर ती अनाठायी म्हणता येत नाही. पूरप्रवण घरांचा जो नकाशा त्याला आधी जागे करील, तोच नकाशा उद्या अतिक्रमण हटविण्याच्या नोटिशीला जोडला जाऊ शकतो. नदीकाठच्या सुशोभनाच्या योजना आणि जमिनीचे चढते भाव दिसत असताना, सर्वेक्षणासाठी दारात आलेल्या माणसाला तो घरातील मागांची खरी संख्या का सांगेल? म्हणून नकाशा कोणी करावयाचा, तो कोणाच्या ताब्यात राहावयाचा, आणि पर्यायी घर व मागाची जागा दिल्याविना त्याच्या आधारे कोणालाही उठवता येणार नाही हे कोणत्या नियमात लिहिलेले आहे, हे तंत्रज्ञांनी नंतर पाहण्याचे मुद्दे नव्हेत. ते आधी सुटले तरच आकडे खरे मिळतील.

माहितीच्या मालकीची दुसरी बाजू दिल्लीत आहे. गंगेच्या खोऱ्यातील पातळी लोकांना दिसते. पण प्रवाहाचे, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहते याचे, आकडे सीमापार नद्यांचे म्हणून गोपनीय वर्गात ठेवलेले आहेत. विद्यापीठातील संशोधकालाही त्यासाठी परवानगीचे सोपस्कार करावे लागतात. दुसरीकडे केंद्रीय जल आयोगाने २०१८ मध्ये गूगल या बहुराष्ट्रीय कंपनीशी पुराच्या सूचनांसाठी करार केला आणि त्याचा पहिला प्रयोग पाटण्याला झाला. पातळीचे आकडे आयोगाचे, गणित कंपनीचे. कंपनीच्या नकाशाने कोणाचा जीव वाचत असेल तर त्याला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु कंपनीने उद्या ही सेवा बंद केली किंवा तिला किंमत लावली, तर काय उरेल, हे विचारण्याचा अधिकार नदीकाठच्या जनतेला आहे. महासंगणक ज्या शहरात आहे, त्या शहराच्या पुराचे गणित सार्वजनिक संस्थेत, सार्वजनिक पैशाने आणि सर्वांना तपासता येईल असे होण्यास कोणतीही तांत्रिक अडचण नाही.

राहता राहिला पूर ओसरल्यावरचा हिशेब. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्रीय निकषांत हातमाग कारागिराला नुकसान झालेल्या साधनांसाठी २०१५ पासून ४,१०० रुपये आणि कच्च्या व तयार मालासाठी तितकेच, अशी तरतूद होती. २०२२ नंतरच्या निकषांत ती प्रत्येकी ५,००० रुपये झाली. रेशमाचा एक भिजलेला ताणा आणि जकार्डच्या पत्त्यांचा एक संच यांच्यापुढे ही रक्कम किती, हे बनारसच्या कोणत्याही गल्लीत विचारावे. पण ती रक्कमसुद्धा सक्षम अधिकाऱ्याने नुकसान प्रमाणित केल्यावर मिळावयाची. पंचनाम्यासाठी लेखपाल येतो तोवर पाणी उतरलेले असते, खड्ड्यात चिखल असतो, आणि विणकराने पोटासाठी माग अर्धा-मुर्धा उभा केलेला असतो. भाड्याच्या घरातील मागाचा मालक कोण, रेशीम गिरस्ताचे असल्यास नुकसान कोणाचे, स्त्री घरात नरी भरते तिला कारागीर मानावयाचे की नाही, अशा प्रश्नांवर अर्ज अडतात.

या ठिकाणी साध्या मोबाइल फोनचा उपयोग महासंगणकाहून मोठा आहे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक मागाचे, त्यावरील ताण्याचे, पत्त्यांच्या संचाचे आणि विणकराच्या ओळखपत्राचे तारखेसह छायाचित्र घेऊन मोहल्ल्याची नोंदवही विणकर संघटनेने स्वतः तयार करावी; एक प्रत संघटनेकडे, एक सरदाराकडे, आणि मागण्यापुरती एक तहसील कचेरीत. त्याच फेरीत गल्लीच्या कोपऱ्यावरील भिंतीवर जुन्या पुराची खूण शोधून तेथे राजघाटचा आकडा तेलरंगाने लिहावा: ही पायरी किती, तो उंबरा किती, तो खड्डा किती. आणि प्रत्येक घरात एक गोष्ट विचारावी, जिची नोंद कोणत्याही नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर नाही: ताणा न कापता माग उतरवून वरच्या मजल्यावर नेण्यास किती तास लागतात आणि किती माणसे लागतात. त्या उत्तरांवरून ठरेल की नक्खीघाटला संदेश राजघाटच्या कोणत्या आकड्याला जावयास हवा. मार्च ते मे हे महिने या कामासाठी मोकळे असतात; जूननंतर वरुणेच्या काठी विचारपूस करण्यास सवड राहत नाही.